भावांची यादी मधूनच उलटसुलट का लागते? जावास्क्रिप्टमधील ऑब्जेक्टच्या ॲरेची क्रमवारी आणि तिच्यातील वारंवार येणारा दोष

नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांचे कांदाभाव एकत्र दाखवणारे एक वेबपान मी एका शेतकरी गटासाठी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. पान साधेच आहे. प्रत्येक बाजार समितीची एक ओळ असते आणि त्या ओळीत आवक, किमान भाव, कमाल भाव, सर्वसाधारण भाव आणि कांद्याचा हंगाम एवढ्या नोंदी असतात. सकाळी ट्रॅक्टर भरण्याआधी गटातील शेतकरी आदल्या दिवसाचे भाव फोनवर पाहतात आणि माल लासलगावला न्यायचा, पिंपळगाव बसवंतला की उमराण्याला, हे त्यावरून ठरवतात. सर्वांत वरची ओळ म्हणजे सर्वांत चांगला भाव, असे ते गृहीत धरतात आणि तसे धरण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. यादी चुकली तर एखादी ट्रॉली वीस-पंचवीस किलोमीटर भलत्या दिशेला जाते आणि भाड्याचा भुर्दंड शेतकऱ्याच्या माथी बसतो.

या यादीत एक दोष पुनःपुन्हा डोके वर काढत असे. बहुतेक दिवशी क्रम अगदी बरोबर असे. मग एखाद्या सकाळी २,१०० रुपयांची ओळ १,८५० च्या खाली दिसे आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा सुरळीत होई. तीन वेळा मी तो दोष दुरुस्त केला असे मला वाटले आणि तिन्ही वेळा तो परत आला. याचे कारण असे की, जी ओळ चुकीच्या जागी दिसत होती तिच्यातच मी चूक शोधत होतो, आणि त्या ओळीत काहीही चुकलेले नव्हते. चूक तिच्या शेजारच्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीत होती. ज्यांना हाच त्रास होतो त्यांच्यासाठी तो सगळा शोध येथे मांडतो आहे.

आधी लेखनाविषयी थोडेसे. ॲरे म्हणजे यादी, आणि ऑब्जेक्ट म्हणजे नावे दिलेल्या नोंदींचा संच, आमच्या यादीतील एक ओळ; त्या नोंदींना गुणधर्म म्हणतात. जावास्क्रिप्टमध्ये चलांची आणि गुणधर्मांची नावे देवनागरीत ठेवता येतात, म्हणून खालील तुकड्यांत मी ती तशीच ठेवली आहेत. भाषेच्या स्वतःच्या पद्धतींची नावे, म्हणजे सॉर्ट, मॅप, पार्सफ्लोट वगैरे, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहावी लागतात. उदाहरणांतील भाव केवळ नमुन्यासाठी घेतलेले आहेत.

सॉर्ट या पद्धतीला काहीच सांगितले नाही, तर ती प्रत्येक घटकाचे मजकुरात रूपांतर करते आणि त्या मजकुरांची यूटीएफ-१६ संकेतांकांनुसार, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकात दिलेल्या क्रमांकांनुसार, तुलना करते. त्यामुळे ९५०, १,८५० आणि २,१०० हे आकडे चढत्या क्रमाने लावायला सांगितले, तर १,८५०, २,१००, ९५० असे उत्तर येते, कारण मजकूर म्हणून पाहिले की आधी पहिलेच अक्षर तपासले जाते आणि ‘९’ हे ‘१’ आणि ‘२’ या दोघांच्याही नंतर येते. ऑब्जेक्टच्या बाबतीत तर प्रत्येक साध्या ऑब्जेक्टचे मजकुरातील रूप एकसारखेच असते, म्हणून सगळ्या ओळी समान ठरतात आणि यादी जशीच्या तशी परत येते. हा टप्पा बहुतेक जण ओलांडतात आणि तुलना करणारे स्वतःचे फंक्शन देतात. भाव उतरत्या क्रमाने हवे असतील, तर ते असे दिसते:

(अ, ब) => ब.भाव - अ.भाव

हे फंक्शन ऋण संख्या परत देते तेव्हा ‘अ’ आधी येतो, धन संख्या परत देते तेव्हा ‘ब’ आधी येतो आणि शून्य परत देते तेव्हा दोघे बरोबरीचे मानले जातात. एवढे सर्वत्र सांगितलेले असते. जे पुरेशा ठसठशीतपणे सांगितलेले नसते ते असे की, हे फंक्शन लिहिणारा माणूस जावास्क्रिप्टला एक हमी देत असतो. ‘अ’ हा ‘ब’च्या आधी असेल आणि ‘ब’ हा ‘क’च्या आधी असेल, तर ‘अ’ हा ‘क’च्या आधी असणारच; ‘अ’ आणि ‘ब’ बरोबरीचे, ‘ब’ आणि ‘क’ बरोबरीचे, तर ‘अ’ आणि ‘क’ही बरोबरीचे; आणि जोडी उलटी करून विचारली तर उत्तराचे चिन्हही उलटे येईल. क्रमवारी लावणारी पद्धत प्रत्येक ओळीची प्रत्येक ओळीशी तुलना करत बसत नाही. या हमीवर विसंबून ती कितीतरी तुलना वाचवते, आणि तिचा सगळा वेग त्यातूनच येतो. हमी एका जोडीपुरती जरी मोडली, तरी उत्तर कोणते येईल हे भाषेच्या प्रमाणित नियमांनीच इंजिनावर, म्हणजे कोड चालवणाऱ्या यंत्रणेवर, सोपवलेले आहे.

आता आमच्या यादीत काय घडत होते ते पाहू. समजा तीन ओळी या क्रमाने आल्या: लासलगाव १,८५०, येवला ‘बंद’, पिंपळगाव बसवंत २,१००. येवल्याच्या भावाच्या रकान्यात आकडा नाही, तर ‘बंद’ हा शब्द आहे. बाजार समितीला सुट्टी असते तेव्हा माहिती भरणारा माणूस तेथे असेच लिहितो, आणि माणसाच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे. परंतु ‘बंद’ या शब्दातून १,८५० वजा करायला सांगितले की उत्तर येते नॅन, म्हणजे संख्या नसलेली संख्या. तुलनेचे उत्तर नॅन आले तर ते शून्य समजावे, असा भाषेचा नियमच आहे. म्हणजे येवला आणि लासलगाव बरोबरीचे ठरले, पिंपळगाव आणि येवलाही बरोबरीचे ठरले. क्रोम ब्राउझर आणि नोड (ब्राउझरबाहेर, उदाहरणार्थ सर्व्हरवर, जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) या दोहोंतील व्ही८ हे इंजिन सुरुवातीलाच लगतच्या जोड्या तपासून यादीचा किती भाग आधीच क्रमाने लागलेला आहे हे पाहते. येथे दोन्ही जोड्यांचे उत्तर शून्य आले, म्हणून त्याने तिन्ही ओळी क्रमाने लागलेल्या आहेत असे मानले आणि यादी तशीच परत दिली. लासलगाव आणि पिंपळगाव यांची समोरासमोर तुलना झालीच नाही. परिणामी सर्वांत जास्त भावाची ओळ सर्वांत खाली राहिली.

दोष अधूनमधूनच का दिसे, याचे उत्तरही यातच आहे. तीच ‘बंद’ ओळ यादीच्या अगदी शेवटी आली असती, तर बाकीच्या दोघांची तुलना होऊन क्रम बरोबर लागला असता. सगळ्या बाजार समित्या चालू असतील तर दोष नाही. सगळ्याच बंद असतील तर यादीच रिकामी. काही चालू आणि काही बंद, आणि बंद असलेल्यांपैकी एखादी नेमकी मध्ये अडकलेली, अशाच दिवशी तो दिसणार. अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा आमच्याकडे अनेक बाजार समित्यांत होती. दोष आलेल्या तारखा मी वहीत टिपून ठेवल्या होत्या. त्या पंचांगाशी ताडून पाहिल्या तेव्हा त्यांतील बऱ्याचशा अमावास्येच्या लगतच्या निघाल्या आणि तेव्हा कुठे माझे लक्ष ‘बंद’ या शब्दाकडे गेले. अनियमित वाटणाऱ्या दोषाच्या तारखा टिपून ठेवणे हे फार उपयोगी पडते, असे मी अनुभवाने सांगतो.

म्हणून पहिला उपाय तुलनेच्या फंक्शनमध्ये करायचा नाही, त्याच्याही आधी करायचा. प्रत्येक ओळीतील भाव खरोखर संख्या आहे की नाही, हे क्रमवारी लावण्यापूर्वी एकदाच तपासून घ्यावे आणि ओळीत दोन स्वच्छ गुणधर्म तयार करावेत: भाव असेल तर तो संख्येच्या रूपात, आणि ‘बंद’ या नावाचा एक खरे-खोटे प्रकारचा गुणधर्म, जो प्रत्येक ओळीत असलाच पाहिजे. चालू असलेल्या ओळींत तो लिहायचाच राहिला, तर त्याची किंमत अनडिफाइंड, म्हणजे अनिश्चित, होते, त्याची वजाबाकी पुन्हा नॅन देते आणि आपण जेथून निघालो तेथेच परत येतो.

संख्या तपासताना चार सापळे भेटतात आणि ते एकमेकांसारखे दिसत असले, तरी त्यांचे वागणे वेगवेगळे आहे. रकाना मोकळा मजकूर किंवा नल (मुद्दाम रिकामे ठेवलेले मूल्य) असेल, तर वजाबाकीत त्याचा शून्य होतो. उतरत्या क्रमात अशी ओळ तळाशी जाते आणि सगळे बरोबर आहे असे वाटते, पण चढता क्रम मागितला की बंद असलेली बाजार समिती शून्य रुपये भावाने सर्वांत वर येऊन बसते. हजाराचा स्वल्पविराम असलेला मजकूर, उदाहरणार्थ ‘१,८५०’, इंग्रजी अंकांत लिहिलेला असला तरी नंबर या फंक्शनला कळत नाही आणि नॅन येतो. हे टाळण्यासाठी अनेक जण पार्सफ्लोट वापरतात, आणि ते मला अधिक धोक्याचे वाटते, कारण पार्सफ्लोट स्वल्पविरामापाशी थांबते आणि १,८५० चा भाव चक्क १ असा वाचते. तक्रार काहीच करत नाही, आणि ९५० रुपयांची ओळ त्याच्या वर जाऊन बसते. नॅन निदान शोधता तरी येतो, हा १ शोधणे फार अवघड जाते. स्वल्पविराम आणि रुपयाचे चिन्ह आधी काढून टाकावे आणि मगच रूपांतर करावे.

चौथा सापळा खास आपला आहे. माहिती भरणाऱ्याने मराठी कळफलकावरून ‘१८५०’ असे देवनागरी अंक लिहिले, तर ते आपल्याला स्वच्छ वाचता येतात, पण जावास्क्रिप्टला त्यांत संख्या दिसत नाही. नंबर आणि पार्सइन्ट दोन्ही नॅनच देतात. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा संकेतांक दशमान पद्धतीत २४०६ आहे आणि नऊचा २४१५, मधले अंक ओळीने लागलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक देवनागरी अंकाच्या संकेतांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते, आणि एका लहानशा फंक्शनने सगळा मजकूर इंग्रजी अंकांत आणता येतो. आमच्या एका बाजार समितीची माहिती भरणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत आणि ते देवनागरी अंकच लिहितात. त्यांनी आपली सवय बदलावी असे सुचवणे मला पटले नाही. मराठीत लिहिलेला आकडा वाचता आला पाहिजे ही जबाबदारी पानाची आहे.

माहिती अशी स्वच्छ झाल्यावर तुलनेचे फंक्शन लिहिताना आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो बरेचदा घेतलाच जात नाही: ज्या ओळीत भाव नाही, ती कोठे दाखवायची? माझे मत स्पष्ट आहे की ती नेहमी तळाशी असावी, क्रम चढता असो वा उतरता. भाव नसणे म्हणजे भाव कमी असणे नव्हे आणि जास्त असणेही नव्हे. काही जण भाव नसेल तेथे एखादी अतिमोठी संख्या भरतात, म्हणजे चढत्या क्रमात ती ओळ खाली जाते. पण वापरणाऱ्याने शीर्षकावर टिचकी मारून क्रम उलटा केला की तीच ओळ सर्वांत वर येते. क्रम लावून नंतर रिव्हर्सने अख्खी यादी उलटी करणाऱ्यांचीही हीच अडचण होते. म्हणून ‘बंद’चा विचार दिशेच्या आधी आणि दिशेपासून वेगळा करावा:

(अ, ब) => अ.बंद - ब.बंद || दिशा * (अ.भाव - ब.भाव) || मराठी(अ.गाव, ब.गाव)

येथे ‘दिशा’ म्हणजे चढत्या क्रमासाठी धन एक आणि उतरत्यासाठी ऋण एक. खरे-खोटे मूल्यांची वजाबाकी केली की खऱ्याचा एक आणि खोट्याचा शून्य होतो, त्यामुळे पहिला भाग बंद ओळींना तळाशी ढकलतो आणि दिशेचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. दोन्ही उभ्या रेघांचे चिन्ह डावीकडे शून्य आले की उजवीकडे जाते. डावीकडे नॅन आला तरीही ते उजवीकडे जाते, म्हणून दोन्ही ओळी बंद असतील तेव्हा भावांची वजाबाकी काहीही आली तरी निर्णय गावाच्या नावावर होतो. मात्र एकाच ओळीत ‘बंद’ खोटे लिहिलेले आणि भावही नसलेला, अशी विसंगती राहिली तर हेच चिन्ह ती झाकून टाकील. म्हणून स्वच्छतेच्या टप्प्यावर दोन्ही गुणधर्म एकाच ठिकाणी आणि एकाच अटीवरून ठरवावेत. ‘मराठी’ हे नावांची तुलना करणारे फंक्शन आहे, त्याकडे पुढे येतो.

वजाबाकीऐवजी लहान-मोठ्याचे चिन्ह वापरून खरे किंवा खोटे परत देणारे तुलना-फंक्शन आजही जुन्या कोडमध्ये बरेच आढळते:

(अ, ब) => अ.भाव < ब.भाव

याचे उत्तर एक किंवा शून्य एवढेच येऊ शकते, ऋण कधीच येत नाही, म्हणजे ‘अ’ आधी यावा हे सांगण्याची सोयच या फंक्शनला नाही. असे कोड पूर्वी चालत असे आणि म्हणूनच ते टिकून राहिले. व्ही८ मध्ये पूर्वी दहा किंवा त्यांहून कमी घटकांची यादी इन्सर्शन सॉर्टने लावली जात असे, आणि ती पद्धत फक्त धन उत्तराकडे पाहत असल्याने एवढ्यावर तिचे भागत असे. दहापेक्षा मोठ्या यादीसाठी क्विकसॉर्ट होता, आणि तेथे बरोबरीच्या ओळींचा मूळ क्रम टिकण्याची खात्री नसे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ७० पासून टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी तयार केलेली टिमसॉर्ट ही पद्धत वापरात आली. ती लगतच्या जोड्यांमध्ये ऋण उत्तर शोधते. ते कधीच मिळाले नाही तर लहान यादी आधीच लागलेली आहे असे समजते आणि तिला हातही लावत नाही. ‘कालपर्यंत चालत होते, ब्राउझर अद्ययावत केल्यावर बिघडले’ अशी तक्रार आली तर प्रथम हेच तपासावे. याच बदलाचा एक मोठा लाभही झाला: २०१९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या प्रमाणकाने बरोबरीच्या ओळींचा मूळ क्रम टिकवणे बंधनकारक केले, त्यामुळे आता सम भावाच्या दोन बाजार समित्या पान दर वेळी नव्याने उघडल्यावर आपसांत जागा बदलत नाहीत.

आता खास आपल्या मनाच्या क्रमाकडे वळू. आमच्या पानावर कांद्याचा हंगाम हा एक रकाना आहे. खरिपाचा तो पोळ, उशिरा खरिपाचा तो रांगडा आणि रब्बीचा तो उन्हाळ. शेतकऱ्याला हा क्रम वर्णानुक्रमाने नको असतो. वर्णानुक्रमाने उन्हाळ आधी, मग पोळ, मग रांगडा येतो, आणि शेतात तर पोळ आधी निघतो, त्यामागून रांगडा आणि शेवटी उन्हाळ. असा क्रम कोणत्याही नियमातून निघत नाही, तो आपणच लिहून द्यावा लागतो:

हंगाम = ['पोळ', 'रांगडा', 'उन्हाळ']

प्रत्येक ओळीतील हंगाम या यादीत कितव्या स्थानी आहे ते इंडेक्सऑफ या पद्धतीने काढायचे आणि त्या स्थानांची वजाबाकी करायची, ही नेहमीची रीत आहे. तिच्यातही एक खड्डा आहे. यादीत नसलेल्या शब्दासाठी इंडेक्सऑफ ऋण एक परत देते आणि ऋण एक हे शून्यापेक्षा लहान असल्यामुळे अनोळखी ओळी थेट पहिल्या जागी येतात. आमच्याकडे कोणी ‘उन्हाळी’ लिहिले, कोणी ‘उन्हाळ’ या शब्दानंतर एक मोकळी जागा सोडली, कोणी ‘लाल’ लिहिले, कारण बाजारात पोळ कांद्याला सर्रास लाल कांदा म्हणतात. या सगळ्या ओळी माथ्यावर गोळा झाल्या आणि पाहणाऱ्याला वाटले की त्या दिवशीचे सर्वांत चांगले भाव तेच. यावर उपाय म्हणजे स्थानांचा एक नकाशा क्रमवारीच्या आधीच तयार करावा, त्यात प्रत्येक हंगामाची पर्यायी नावेही त्याच क्रमांकाला जोडावीत, शब्दाच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा ट्रिमने काढाव्यात आणि नकाशात न सापडलेल्या शब्दाला यादीच्या लांबीएवढा, म्हणजे सर्वांत शेवटचा क्रमांक द्यावा. अनोळखी शब्द शेवटी ठेवून गप्प बसणेही बरे नव्हे. मी असे शब्द वेगळ्या नोंदीत साठवतो आणि आठवड्यातून एकदा पाहतो, कारण त्यांतील बहुतेक शब्द चुकीचे नसून केवळ माझ्या नकाशात राहून गेलेले असतात. नकाशा आधी तयार करण्याचा आणखी एक फायदा असा की, तुलनेचे फंक्शन शेकडो वेळा बोलावले जाते आणि प्रत्येक वेळी यादीत शोधाशोध करणे वाचते.

त्यानंतर हंगामाचा क्रमांक पहिला आणि भाव दुसरा असे लावणे सोपे आहे:

(अ, ब) => अ.हंगामक्रम - ब.हंगामक्रम || ब.भाव - अ.भाव

नावांची क्रमवारी हा मराठी पानांवरील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. लहान-मोठ्याच्या चिन्हाने दोन नावांची तुलना केली की ती संकेतांकांची तुलना होते. युनिकोडमध्ये ‘ळ’चा संकेतांक २३५५ आहे, म्हणजे तो ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. त्यामुळे गावांच्या यादीत संकेतांकांनुसार कळवण आधी आणि कसबे सुकेणे नंतर येते, तर शाळेत शिकवलेल्या वर्णमालेनुसार कसबे सुकेणे आधी आणि कळवण नंतर आले पाहिजे. ज्याला वर्णमाला पाठ आहे तो माणूस लांब यादीत कळवण खालच्या बाजूला शोधतो, आणि ते वर बसलेले असते.

याहून मोठा घोटाळा ‘ॲ’ या अक्षराचा आहे. गटाने द्राक्ष, डाळिंब आणि इतर फळांचे भाव दाखवायला सुरुवात केली तेव्हा ॲपल बोर यादीच्या अगदी तळाशी, हळदीच्याही खाली जाऊन बसले. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले आणि त्याला २४१८ हा संकेतांक मिळाला, जो ‘ह’च्याही पुढे आणि देवनागरी अंकांच्याही पुढे आहे. दुसऱ्या एखाद्या कळफलकावरून तोच शब्द ‘अ’ आणि त्यावर वेगळी अर्धचंद्राची खूण असा लिहिला जातो; डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण संकेतांकांनुसार हा दुसरा ‘अ’च्या शब्दांमध्ये, त्यांच्या शेवटी, येतो. एकाच फळाच्या दोन नोंदी यादीच्या दोन टोकांना, आणि पडद्यावर पाहून फरक कळण्याचा काहीच मार्ग नाही. अशा वेळी क्रमवारीच्या आधी लेखनाचे एकच रूप ठरवून दुसरे त्यात बदलून घ्यावे लागते.

नावांच्या तुलनेसाठी लोकेलकम्पेअर ही पद्धत आहे, परंतु ओळी बऱ्याच असतील तर इंटल या भाषाविषयक संचातील कोलेटर, म्हणजे त्या भाषेच्या वर्णक्रमाने मजकुरांची तुलना करणारे साधन, एकदाच तयार करावा आणि त्याचीच तुलना-पद्धत पुनःपुन्हा वापरावी; वरच्या तुकड्यातील ‘मराठी’ म्हणजे हीच पद्धत. कोलेटर तयार करताना मराठीचा संकेत म्हणून एम आणि आर ही दोन लहान रोमन अक्षरे द्यावीत. ती दिली नाहीत, तर संगणकाची जी भाषा असेल तिचे नियम लागतात आणि तीच यादी दोन फोनवर दोन तऱ्हांनी दिसू शकते. सर्व्हरवर नोड असेल तर त्याची आवृत्तीही पाहावी: १३ या आवृत्तीपासून सर्व भाषांचे नियम सोबत येतात, त्याआधीच्या नेहमीच्या बांधणीत केवळ इंग्रजीचे येत असत आणि मराठी मागितली तरी कोणतीही सूचना न देता मूलभूत नियमांवर काम चालवले जाई. मी कळवण आणि कसबे सुकेणे ही जोडी चाचणीत कायमची ठेवली आहे. नवीन यंत्रावर पान चढवले की आधी तीच तपासतो. गट क्रमांकासारखी नावे असतील, तर कोलेटरचा न्युमेरिक हा पर्याय चालू करावा, म्हणजे ‘गट १०’ हा ‘गट २’च्या नंतर येतो.

एक वेगळ्याच प्रकारची तक्रार अशी येते की क्रम बरोबर लागतो, पण भलत्याच ठिकाणी. सॉर्ट ही पद्धत नवी यादी देत नाही, ती मूळ यादीच हलवते आणि तीच परत देते. आमच्या पानावर भावानुसार एक आणि आवकेनुसार एक असे दोन तक्ते होते, दोन्ही एकाच ॲरेवर उभे होते, आणि एकाचा क्रम बदलला की दुसरा विस्कटत असे. रिॲक्ट या वेबपाने बांधण्याच्या संचात याच्या उलट लक्षण दिसते: क्रम बदलूनही पडदा बदलत नाही, कारण ॲरे तोच असल्याने काही बदलले आहे हे रिॲक्टला कळतच नाही. तीन टिंबांनी प्रत करून ती लावावी, किंवा २०२३ च्या प्रमाणकात आलेली टू-सॉर्टेड ही पद्धत वापरावी, जी मूळ ॲरेला धक्का लावत नाही. ती नोडमध्ये २० या आवृत्तीपासून मिळते, आणि जुने फोन वापरणारे वाचक असतील तर अजून प्रत करण्याचा मार्गच धरावा. आमच्या गटात असे फोन पुष्कळ आहेत.

तारखांबद्दल एवढेच सांगतो की दिवस-महिना-वर्ष अशा मजकुराची क्रमवारी लावू नये, कारण मग सर्व महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. वर्ष-महिना-दिवस असे रूप करून घेतले, आणि महिना व दिवस नेहमी दोन अंकी ठेवले, तर साधी मजकुराची तुलनाही पुरते.

शेवटी, दोष पुन्हा आला तर तो दिसण्याची वाट न पाहता पकडता यावा म्हणून मी एक तपासणी लिहिली आहे. त्या दिवसाच्या यादीतील प्रत्येक जोडी घ्यायची, तुलना-फंक्शनला ती सुलट आणि उलट अशी दोनदा विचारायची, आणि दोन्ही उत्तरांच्या चिन्हांची बेरीज शून्य येते का ते पाहायचे. नॅन आला तर बेरीज शून्य येत नाही आणि तेथल्या तेथे दोन्ही ओळींची नावे मिळतात. खरे-खोटे देणारे फंक्शनही याच चाचणीत सापडते. त्यानंतर तीन-तीन ओळी घेऊन पाहायचे की पहिली दुसरीच्या बरोबरीची आणि दुसरी तिसरीच्या बरोबरीची असताना पहिली आणि तिसरी वेगळ्या तर ठरत नाहीत ना. सतरा ओळींच्या यादीत १३६ जोड्या आणि ६८० त्रिकुटे होतात, आणि फोनलाही त्याचा भार जाणवत नाही. ही तपासणी रोज पहाटे भाव चढल्यावर चालते आणि काही विसंगत आढळले तर त्या दिवशी पान भावानुसार क्रम लावत नाही. गावांची यादी वर्णानुक्रमाने दाखवते आणि वर तसे ठळक लिहिते, म्हणजे ट्रॉली जोडण्याआधी शेतकरी सगळ्या ओळी स्वतः वाचून घेतो.